कोर्टाच्या पायरीवरून विधानसभेत : गणपतराव देशमुख

श्रोतेहो, नमस्कार.

वकिली करता करता आमदार झालेली माणसे महाराष्ट्राला नवी नाहीत. पण वकिलाची शिस्त पाच दशके सभागृहात सांभाळणारा माणूस म्हटला की मला भाई गणपतराव देशमुख आठवतात. सांगोल्याचे लोक त्यांना आबासाहेब म्हणत. मोहोळ तालुक्यातले पेनूर हे त्यांचे मूळ गाव. पुण्यात शिकत असताना ते शेतकरी कामगार पक्षाकडे ओढले गेले, सांगोल्यात त्यांनी वकिली सुरू केली आणि १९६२ साली याच दुष्काळी तालुक्याने त्यांना विधानसभेवर पाठवले. १९७२ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये, तेही अवघ्या १९२ मतांनी, त्यांचा पराभव झाला. तरीही २०१४ पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून ते अकरा वेळा निवडून आले.

वकिलीचा आमदाराला उपयोग कोणता, असे विचारले तर पुष्कळ जण वक्तृत्वाकडे बोट दाखवतील. मला ते पटत नाही. सभागृहात बोलणारे पुष्कळ असतात. विधेयकाचे कलम, पोटकलम आणि त्याखालचे परंतुक, म्हणजे कलमाला घातलेली अट किंवा अपवाद, वाचून येणारे मोजकेच. शासनाला काम 'देता येईल' की शासनाने काम 'दिलेच पाहिजे', एवढ्या एका शब्दावर मजुराची चूल पेटणे अवलंबून असते. रोजगार हमीचेच पाहा. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला उतरली, तेव्हा ती शासनाची योजना होती. १९७७ साली कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागण्याचा अधिकार मजुराच्या हाती आला. पण हे पंधरा दिवस मोजायचे तर मागणी अर्जाची तारखेसह पोच जवळ हवी. त्या चिटोऱ्याचे मोल कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच १९९९ च्या मंत्रिमंडळात रोजगार हमीचे खाते गणपतरावांकडे आले, ही गोष्ट मला फार उचित वाटते.

मंत्रिपद मात्र त्यांच्या वाट्याला थोडाच काळ आले. आयुष्याचा मोठा भाग विरोधी बाकावर गेला, आणि खरे काम तिथेच झाले. पाण्याचा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत ते उभे राहिले, कृष्णेचे पाणी तेरा दुष्काळी तालुक्यांना मिळावे म्हणून वर्षानुवर्षे झगडले. मोर्चात घोषणा द्यायची, आणि तोच प्रश्न अधिवेशनात रीतसर मांडून मंत्र्यांकडून उत्तर घ्यायचे, अशी त्यांची दुहेरी चाल होती. अनेक वर्षे ते एसटीने प्रवास करीत, त्यामुळे गाऱ्हाणे सांगणाऱ्याला आमदार शोधत हिंडावे लागत नसे.

२०१९ साली वयोमानामुळे ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.