तेराचा पाढा

मंडळी, मघाशी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, की इंदूरला समुद्र नाही, मग ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ, ती कसली करता? बरोबर आहे. आपल्याकडे आहे तो पंचवीस मीटरचा तरणतलाव. हाफ आयर्नमॅन नावाच्या ट्रायथलॉनमध्ये १.९ किलोमीटर पोहायचं असतं, म्हणजे आपल्या तलावात ७६ वेळा इकडून तिकडे. दर वेळी भिंतीला पाय लावून स्वतःला ढकलायचं, आणि तेवढ्यात घटकाभर विश्रांती मिळते हे आपल्या लक्षातही येत नाही. गोव्याला शर्यतीसाठी मिरामारच्या समुद्रात उतरलो तेव्हा ते कळलं. तिथे भिंत नाही, तळाशी काळी रेघ नाही. आठ-दहा हात मारले की डोकं वर काढून बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, बघायचा, नाहीतर माणूस भलतीकडेच. आता मी तलावात भिंतीच्या अलीकडूनच वळतो. शेजारची पोरं हसतात, हसू देत.

पण माझी शर्यत बिघडली ती सायकलवर. ९० किलोमीटर. पुढचा दिसला की गाठ, गाठला की मागे टाक! पुढे २१.१ किलोमीटर पळायचंय याचा विसरच पडला. बाराव्या किलोमीटरला पायांत गोळे आले. उरलेलं अंतर चालत काढलं.

घरी येऊन विचार केला, तेव्हा दिसलं की मी सरावातही हेच करत होतो. रोज दम लागेपर्यंत. शरीरात साखरेचा साठा असतो तो जोरात पळताना दीड-दोन तासांत संपत येतो. चरबी मात्र काटकुळ्या माणसाकडेही भरपूर असते. ती वापरायची सवय स्नायूंना लागते ती हळू, लांब सरावातून. ट्रायथलॉनपटू मार्क अॅलनचंच बघा. १९८२ पासून सहा वेळा हवाईची आयर्नमॅन, म्हणजे याच्या दुप्पट अंतराची शर्यत, लढला, एकदाही जिंकला नाही. सरावात हृदयाचे ठोके मिनिटाला १५५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, हे त्यानं मनावर घेतलं होतं. सुरुवातीला वेग इतका पडला की त्यालाच लाज वाटायची. १९८९ मध्ये त्याचा कडवा प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉट याच्याबरोबर आठ तास जवळजवळ खांद्याला खांदा लावून राहिला आणि ५८ सेकंदांनी जिंकला. पुढे आणखी पाच वेळा जिंकला. नुसत्या हळू पळण्यानं जिंकला असं मी म्हणत नाही, वेगाचा सरावही होताच. पण पाया तो होता.

हळू सरावात ठोके कितीपर्यंत चढू द्यायचे, याचा एक ठोकताळा आहे, १८० वजा वय. माझं वय ४८, म्हणजे १३२. घड्याळ नसेल तर तेराचा पाढा म्हणत पळा. अडखळलात की वेग जास्त झाला.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. शर्यतीत तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, आणि ती पचवायचा सराव पोटालाही द्यावा लागतो. शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात घालू नका. पोहे-जलेबी नंतर.

तर १३२ धरून पहिल्यांदा आपल्या सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर पळायला गेलो. पळायला कसला, चढावर चक्क चालावं लागलं. राजेंद्रनगरचे एक आजोबा, वय सत्तरीपुढे, हात हलवत झपाझप मागून आले. माझ्या बरोबरीला आल्यावर काळजीनं म्हणाले, “बरं वाटत नाही का रे आज?”

मी नुसती मान हलवली. तोंडात तेरा आठे चारोदरसे चालू होतं.