पंचेचाळीस लिहिताना मूल आधी पाच का लिहिते

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो,

पावसाळ्यात सांगलीकरांच्या तोंडी जे आकडे असतात, तेथूनच मी सुरुवात करते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे येथील पहिली-दुसरीतल्या मुलांच्याही कानांवरून गेलेले असते. त्यांपैकी एखाद्याला ‘पंचेचाळीस’ लिहायला सांगितले आणि त्याने पाटीवर ५४ लिहिले, तर आपण लगेच चूक म्हणून खोडतो. माझ्या मते त्या मुलाने शब्द फार लक्षपूर्वक ऐकलेला असतो. शब्दात पाच आधी येतो आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी आणि पाच नंतर. कानाने ऐकलेला क्रम हाताने उलटा करण्याचे काम आपली भाषा सहा-सात वर्षांच्या मुलावर टाकते, आणि असे करायचे आहे हे त्याला कोणी सांगतही नाही.

आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यात, कन्नड बोलणाऱ्या मुलांना हा त्रास होत नाही. ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे आधी वीस, मग एक. मराठी मुलाला त्याहून कठीण घाट चढावा लागतो, कारण मध्येच ‘एकोणचाळीस’ येते. ‘एकोण’मधला ऊन म्हणजे कमी, म्हणजे चाळीसला एक कमी, हे न कळलेले मूल ‘चाळीस’ ऐकून ४९ लिहिते. बरे, एकोणनव्वदपर्यंत हा नियम अंगवळणी पडावा, तर पुढे नव्व्याण्णव तो मोडते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणिततज्ज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीची बाजू मांडली होती. मला ती पद्धत शिकवण्यातला आधार म्हणून मोलाची वाटते. घरात आणि बाजारात मूल पंचेचाळीसच ऐकणार, म्हणून तो शब्द सोडून मात्र चालणार नाही. ‘चाळीस पाच, म्हणजेच पंचेचाळीस’ असे दोन्ही उच्चार बरोबरीने, काही आठवडे तरी, वर्गात घुमू द्यावेत.

मात्र उच्चारांच्याही आधी हातात वस्तू हवी. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहांच्या जुड्या मुलांनाच बांधू द्या. चार जुड्या डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे, आणि त्याखाली अंकांची कार्डे. वाचन असे पक्के झाल्यावरच लेखन. काही मुले आधी उजवीकडे ५ लिहून, डावीकडे जागा सोडून, मग ४ लिहितात. मी त्यांना अडवत नाही, कारण संख्या बरोबर उमटते आणि सवय पुढे आपोआप सुटते. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाने पहिलीअखेर ९९ पर्यंतचे वाचन-लेखन अपेक्षिले आहे, म्हणून जून-जुलैतच पाने भरून घेण्याची घाई होते. ३ आणि ६ यांची तोंडे उलटसुलट होणे हा तर वेगळाच, हाताच्या वळणाचा प्रश्न आहे आणि तो सरावाने मिटतो.

तुलनेकडे येते. ३९ आणि ४१ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर अनेक मुले ३९ दाखवतात, कारण त्यात ९ आहे. येथे नियम पाठ करून देऊ नका. तीन जुड्या नऊ काड्या आणि चार जुड्या एक काडी समोर ठेवा; आधी जुड्या पाहायच्या, त्या सारख्या असतील तरच सुट्या काड्या मोजायच्या, हे मूल स्वतःच सांगते. लहान-मोठेपणाची चिन्हे त्यानंतर, सर्वांत शेवटी.

मग शंभर मण्यांची गणितमाळ वर्गात आडवी बांधा. सकाळी पाणी ३९ फूट, संध्याकाळी ४१. चढले की उतरले? मुले दोन्ही मण्यांवर चिमटे लावतील. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते, आणि त्याची खूण अनेकांच्या घरच्या भिंतीवर अजून आहे. सत्तावन्न म्हणताना सात आधी येतो, तरी जुड्या पाचच, एवढे बोलून घ्या, आणि ४५ च्या पुढे किती मणी आहेत ते मुलाला स्वतःच्या बोटाने मोजू द्या.