पानाचा प्रतिकार

ही अळी मोनार्क फुलपाखराची आहे आणि ती ज्या पानावर बसली आहे ते रुईच्या कुळातल्या झाडाचे. भूक लागलेली असूनही ती लगेच खायला लागत नाही. आधी मधल्या शिरेकडे वळते आणि देठाजवळ ती शीर कुरतडते. पाहा, चीक आला. शिरांमध्ये हा पांढरा चीक दाबाखाली भरलेला असतो, त्यामुळे चावा बसताच तो उसळून बाहेर पडतो आणि हवा लागली की घट्ट होऊ लागतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कित्येक अळ्या त्यातच चिकटून मरतात. शिवाय हृदयाचे काम बिघडवणारी विषद्रव्येही त्यात असतात. ही मोठी अळी मात्र चीक गळून जाऊ देते आणि मग छेदाच्या पलीकडचा भाग खायला घेते. उरलेले विष तिला फारसे बाधत नाही. ते ती अंगात साठवते आणि तिला गिळणाऱ्या पक्ष्याला उलटी होते.

आता खाजोटीच्या पानावरचा एक केस, सूक्ष्मदर्शकाखाली. याला नुसता काटा म्हणणे अन्यायाचे होईल. याचे टोक वाळूतल्याच सिलिकाचे, काचेसारखे ठिसूळ असते. स्पर्श होताच ते तिरके तुटते आणि उरलेली पोकळ सुई कातडीत शिरून आग करणारा द्रव आत सोडते.

पुढच्या चित्रात मोहरीच्या कुळातले एक इवलेसे रोप आहे. पेशीत कॅल्शियम वाढले की चमकणारे प्रथिन त्याच्यात मुद्दाम घातलेले आहे. अळीने एक पान कुरतडले आणि जखमेपासून उजेडाची लाट निघाली. सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर वेगाने ती शिरांतून सरकते आणि मिनिटा-दोन मिनिटांत दूरच्या, अजून धक्काही न लागलेल्या पानांत पोहोचते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लाटेची सुरुवात जखमी पेशींतून गळणाऱ्या ग्लुटामेटने होते, असे दिसले. हेच द्रव्य प्राण्यांच्या मज्जासंस्थेतही निरोप्याचे काम करते. पाने तो निरोप ऐकून काय करतात, याचा एक धागा 1972 सालीच हाती आला होता: टी. आर. ग्रीन आणि क्लॅरन्स रायन या संशोधकांना बटाटा व टोमॅटोच्या झाडांत असे आढळले, की किडीने एक पान खाल्ले तर न खाल्लेल्या पानांतही कीटकाच्या पचनात अडथळा आणणारी प्रथिने तयार होतात. अळीने पान खावे, पण ते तिच्या अंगी लागू नये, अशी ही व्यवस्था आहे.

कडूपणा हाही झाडाचा असाच एक प्रतिकार. लागवडीच्या काकडीतला कडूपणा माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घालवला आणि त्या कडूपणाचे काही काम फवारणीवर आले.

रुईच्या कुळातल्या त्या पानावर चीक सुकला आहे. अळी दुसऱ्या पानावर पोहोचली आहे आणि पुन्हा मधली शीरच शोधते आहे.