अष्टकोनाची मंडळी

[दृश्य: पहाटेचं गॅरेज. उघड्या छताची जुनी टू-सीटर. चावी फिरते.]

टिक… टिक… टिक-टिक-टिक.

इंजिन अजून सुरू झालेलं नाही. हा आवाज पेट्रोलच्या पंपाचा. कार्ब्युरेटर भरला की टिकटिक आपोआप थांबते आणि मगच स्टार्टरची खुंटी ओढायची. थांबलीच नाही तर समजायचं, टाकी तरी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळतंय.

ही एमजी टीसी. आपल्याकडे एमजी म्हटलं की हेक्टर आठवते, २०१९ पासून गुजरातेत हालोलला बनणारी. तिच्या नाकावरचा अष्टकोन मात्र शंभरेक वर्षांपूर्वीचा, ऑक्सफर्डचा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर देखणी बॉडी चढवून विकायचा. धंदा वाढला, तसं १९२९ मध्ये त्यानं जवळच्याच अ‍ॅबिंग्डन गावात, कातडी कमावण्याच्या एका जुन्या कारखान्यात बिऱ्हाड हलवलं.

[दृश्य: अ‍ॅबिंग्डन. विटांच्या भिंती.]

पुढच्याच वर्षी एका मोटारींच्या साप्ताहिकात पत्र छापून आलं, की एमजीवाल्यांचाही एखादा क्लब हवा. ऑक्टोबर १९३० मध्ये स्टीव्हनेजजवळच्या रोबक नावाच्या पबात मंडळी जमली. सेक्रेटरीपदाची माळ पडली जॉन थॉर्नलीच्या गळ्यात. वय २१, लंडनमध्ये अकाउंट्स शिकणारा पोरगा. वर्षभरातच तो शिक्षण सोडून किंबरच्या कारखान्यात चिकटला आणि १९५२ मध्ये तिथला जनरल मॅनेजर झाला. आपल्याकडे गणेश मंडळाचा चिटणीस पुढे नगरसेवक होतो. इथे क्लबचा चिटणीस कारखान्याचा साहेब झाला!

क्लबच्या विभागवार शाखा निघाल्या. त्यांना म्हणतात ‘सेंटर’. स्कॉटलंडचं वेगळं, उत्तर इंग्लंडचं वेगळं. सुट्टीच्या दिवशी चिखलाच्या चढणीवर गाड्या चढवायच्या, आणि ठरलेल्या संध्याकाळी पबात ‘नॅटर’. नॅटर म्हणजे शुद्ध मराठीत चकाट्या पिटणं.

पण चकाट्यांचा विषय बहुतेक वेळा नट-बोल्ट हाच. त्याला कारणही तसंच आहे.

[दृश्य: इंजिनावर झुकलेले हात. पाना बोल्टवर बसतो.]

टीसीच्या इंजिनातला हा बोल्ट पाहा. डोकं इंग्रजी, व्हिटवर्थ मापाचं. आटे मात्र मेट्रिक, फ्रेंच. मॉरिसनं १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला, त्याच्या यंत्रांवर मेट्रिक आटेच पडायचे. यंत्रं बदलायची तर खर्च, आणि इंग्लंडभरच्या फिटरांकडे पाने व्हिटवर्थचे. मग तोडगा निघाला: आटे त्यांचे, डोकं आपलं. दुकानातून मापाचा म्हणून आणलेला बोल्ट इथे बसत नाही. तेव्हा ज्याच्या डब्यात तो बोल्ट आहे असा माणूस ओळखीचा असावा लागतो. माझ्या मते अशा क्लबांचा अर्धा इतिहास त्या डब्यांतच आहे.

बॉडीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, म्हणजे मेकॅनिकइतकीच सुताराशीही ओळख हवी.

१९४५ ते ४९ दरम्यान अशा सुमारे १० हजार टीसी बनल्या. स्टिअरिंग फक्त उजवीकडे. तरी त्यांतल्या दोनेक हजार अमेरिकेत गेल्या, जिथे सगळी वाहतूक उलट बाजूनं! साठच्या दशकात ईशान्य अमेरिकेतल्या टी-मालिकेच्या, म्हणजे टीसी आणि तिच्या भावंडांच्या, मालकांनी आपलं मंडळ काढलं, न्यू इंग्लंड एमजी टी रजिस्टर. त्यांच्या मेळाव्याचं नाव ‘गॅदरिंग ऑफ द फेथफुल’. म्हणजे भाविकांचा मेळा. थट्टेत ठेवलं असेल, पण येतात ते वारकऱ्यांसारखेच.

[दृश्य: पताका. मग बंद फाटक.]

इकडे इंग्लंडात १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड ही अगडबंब कंपनी झाली, आणि एमजीही तिच्या पोटात गेली. कंपनीच्या आधारावर चालणाऱ्या क्लबला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागलं. सप्टेंबर १९७९ मध्ये, एमजीला अ‍ॅबिंग्डनमध्ये ५० वर्षं झाली म्हणून गावानं जत्रा केली. ती उरकली, आणि सोमवारी, १० सप्टेंबरला, जाहीर झालं की इथल्या गाड्या बंद. मालकांनी गाड्यांसह लंडनला मोर्चा नेला. उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी, म्हणजे तिथलं तेव्हाचं मॉडेल, बाहेर पडली.

क्लबचं ऑफिस आजही अ‍ॅबिंग्डनलाच आहे, जुन्या कारखान्याला लागून. इमारत किंबर हाउस, रस्ता सेमेटरी रोड, म्हणजे दफनभूमीचा रस्ता. नाव कुणी मुद्दाम ठेवलेलं नाही, आधीपासूनचंच आहे.

[दृश्य: चॅसिसवरचा आकडा. बोट त्यावरून फिरतं.]

टीसीचे चॅसिस नंबर एकपासून सुरू होत नाहीत. ०२५१ पासून होतात. कारण कारखान्याचा फोन होता, अ‍ॅबिंग्डन २५१.

टिक… टिक…

[टिकटिक थांबते. इंजिन सुरू होतं.]