वल्ही मारणारी पलटण

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की बर्फाळ नदी ओलांडणारे जॉर्ज वॉशिंग्टन डोळ्यांसमोर येतात. त्या होड्या ज्यांनी नेल्या, त्यांच्या सरदाराविषयी आज बोलायचं आहे.

जॉन ग्लोव्हर. जन्म १७३२चा, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा; पण वाढले आणि नावारूपाला आले ते जवळच्या मार्बलहेड बंदरात. आधी जोडे शिवले, मग रम विकली, मग मासळीच्या व्यापारात शिरून स्वतःची गलबतं केली. कॉड मासा खारवून सुकवायचा. चांगला माल स्पेन-पोर्तुगालला, हलका माल कॅरिबियन बेटांवर, मळ्यांतल्या गुलामांच्या पोटासाठी. येताना साखर, काकवी, रम. मार्बलहेडच्या सुबत्तेत गुलामगिरीचा वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

१७७५ साली ब्रिटिश संसदेने न्यू इंग्लंडच्या मच्छीमारांना उत्तर अटलांटिकमध्ये मासेमारीची बंदी केली. ज्या गावाची चूल समुद्रावर पेटते, त्याने काय करावं? माणसं ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पलटणीत आली. ग्लोव्हर त्यांचे कर्नल. गोऱ्यांबरोबर काळे आणि मूलनिवासी खलाशीही होते. गलबतावर जसे शेजारी काम करत, तसेच इथेही.

ऑगस्ट १७७६. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या लढाईत वॉशिंग्टन हरले. समोर ब्रिटिश फौज, पाठीशी ईस्ट रिव्हर. शत्रूचं आरमार नदीत शिरलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. २९ तारखेच्या रात्री मार्बलहेडच्या आणि सेलमच्या दर्यावर्दींनी वल्ही हातात घेतली. सैनिकांना बोलायचीही मनाई. आधी वारा उलटा, ओहोटीची ओढ जबर. मग वारा फिरला आणि पहाटे दाट धुकं उतरलं. सुमारे ९,००० माणसं पलीकडे मॅनहॅटनला पोहोचली. माघार म्हणून या रात्रीची नोंद होते. मला मात्र ती युद्धातल्या कुठल्याही विजयाइतकीच मोठी वाटते. ती फौज वाचली म्हणून पुढचं सारं घडलं.

मग डिसेंबर. नाताळच्या रात्री डेलावेअर नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते, वादळ सुटलं होतं. २,४०० सैनिक मालवाहू होड्यांतून, तर १८ तोफा आणि घोडे सपाट तळाच्या नावांतून पार झाले. रात्रभर वल्ही मारलेली हीच माणसं बंदुका घेऊन शत्रूचा तळ असलेल्या ट्रेंटन गावापर्यंत चालत गेली आणि तिथल्या ओढ्यावरचा पूल त्यांनी अडवला. सुमारे ९०० हेसियन, म्हणजे ब्रिटिशांनी भाड्याने आणलेले जर्मन सैनिक कैद झाले.

वर्षअखेर भरतीचा करार संपला, पलटण घरी गेली. ग्लोव्हरही परतले. धंदा बसलेला, पत्नी हॅना आजारी. १७७७च्या फेब्रुवारीत त्यांना ब्रिगेडियर जनरल नेमलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. वॉशिंग्टन यांनी पत्र लिहून गळ घातली तेव्हा कुठे ते तयार झाले. मला या नकारामुळे ते अधिक जवळचे वाटतात. पुढे ते साराटोगाच्या मोहिमेवर गेले. १७७८च्या नोव्हेंबरात हॅना गेली, घरी मुलं होती, तरीही १७८२पर्यंत ते सैन्यात राहिले. तब्येत पार ढासळल्यावरच निवृत्त झाले, आणि ३० जानेवारी १७९७ रोजी मार्बलहेडमध्येच वारले.

बॉस्टनला कॉमनवेल्थ अव्हेन्यूवर १८७५पासून त्यांचा पुतळा उभा आहे. तिकडे कुणी नातलग असतील, कधी जाणं झालं, तर जरूर बघा. नमस्कार.