काळवंडलेली ग्रंथी

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे आधी पोटच आठवतं. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलकही बाहेर असतोच. इथे मात्र जेल लावलंय गळ्यावर. खांद्याखाली उशी, मान मागे, आणि त्वचेवरून सरकणारा प्रोब.

पडद्यावर पाहा. मधोमध श्वासनलिका, तिच्या दोन बाजूंना थायरॉइड. वरचे काळसर पट्टे म्हणजे मानेचे स्नायू. निरोगी थायरॉइड त्यांच्यापेक्षा उजळ दिसते, सगळीकडे एकसारखी. या बाईंची जवळजवळ स्नायूंइतकीच काळी पडली आहे. आत काही मिलिमीटरचे काळे ठिपके, मधूनच पांढऱ्या रेघा.

ग्रंथीत हार्मोन साठवणाऱ्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. ध्वनिलहरी त्यांच्यावरून परततात, म्हणून ती उजळ. शरीराच्याच लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी आत घुसून या पिशव्या मोडू लागल्या की प्रतिध्वनी क्षीण होतो. पांढऱ्या रेघा म्हणजे जुन्या सुजेचे व्रण. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार रुग्णांच्या ग्रंथींत पेशींची हीच गर्दी नोंदवली; या आजाराला त्यांचंच नाव पडलं. त्यासाठी त्यांना ग्रंथी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी लागली होती.

पण सोनोग्राफीचा खरा कस लागतो तो दुसरीकडेच. छाती धडधडतेय, वजन उतरतंय. रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, खाली; टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, वर. ग्रेव्हज असेल, म्हणजे ग्रंथी जास्तीचं हार्मोन बनवतेय; किंवा सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिस, म्हणजे ग्रंथीची दुखरी, तात्पुरती सूज. रक्तप्रवाह रंगांत दाखवणारा डॉप्लर लावला की ग्रेव्हजमध्ये अख्खी ग्रंथी लाल-निळ्या रंगांनी पेटते. रेडिओलॉजिस्ट त्याला ‘थायरॉइड इन्फर्नो’ म्हणतात. सबअ‍ॅक्यूटमध्ये दुखऱ्या जागी पुसट कडांचे काळे डाग, आणि त्यांत रक्तप्रवाह अगदी कमी. पहिल्यात हार्मोनची निर्मिती रोखणाऱ्या गोळ्या लागतात. दुसऱ्यात त्या निरुपयोगी, कारण तिथे फुटलेला साठाच गळत असतो. सूज उतरवायची आणि धडधड आवरायची, एवढंच. पुढच्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, ते डाग आक्रसताना सोनोग्राफीत दिसतात.

हाशिमोटोचं तसं नाही. ती ग्रंथी वर्षानुवर्षं काळीच राहते, कमी पडणाऱ्या हार्मोनची गोळी अगदी बरोबर बसली तरी. दर सहा महिन्यांनी हौसेने सोनोग्राफी करणाऱ्यांनी तो खर्च वाचवावा; डोस टीएसएचवर ठरतो. गाठ हाताला लागली किंवा गळा झपाट्याने वाढू लागला, तर मात्र थांबू नये. अशा ग्रंथीत क्वचित लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग, होतो, आणि त्याची खात्री सुईने तुकडा काढून तपासल्यावरच होते.