आवडतं पुस्तक दुसऱ्याच्या गळ्यात कसं मारू नये

नमस्कार मंडळी! मागे थोडा ठोकाठोकीचा आवाज येईल, वरच्या फ्लॅटमध्ये फरशीचं काम चालूये, आज सांभाळून घ्या.

हे पुस्तक बघा. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. माझा जीव की प्राण. आणि आत काय सापडलं बघा, दिसतंय का नीट? लाईट बिल. पान चौदा. माझी आत्या राहते पंचवटीत, तिला मी हे मोठ्या हौसेने दिलं होतं, आत्या वाचच, वेडी होशील वगैरे वगैरे, आणि चार महिन्यांनी परत आलं तेव्हा खूण म्हणून हे बिल चौदाव्या पानावर तसंच. बिल भरून झालेलं होतं, पुस्तक नाही. विचारलं तर म्हणे, "छान आहे रे, पण सगळे नुसते प्रयोगच करतायत, घरी कधी जातात ही माणसं?"

खोटं कशाला बोलू, मला राग आला. आवडतं पुस्तक कुणी बाजूला ठेवलं की घरच्या स्थळाला नकार आल्यासारखं होतं. नंतर बरेच दिवस आमच्यात पुस्तकाचा विषयच नाही.

मग डिसेंबर २०२१ ला आपल्या नाशिकला ९४वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष नारळीकरच, पण तब्येतीमुळे ते येऊ शकले नव्हते. त्या दिवसांत आत्याकडे गेलो होतो, ती मेथी निवडत बसलेली, आणि मी सहज सांगितलं की अगं, या माणसाने पहिली कथा खोट्या नावाने पाठवली होती. १९७४ ची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती, आणि हे तेव्हाच जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ, मग नावाकडे बघून बक्षीस दिलं असं व्हायला नको म्हणून यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली, ज. वि. ना. चं ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप! आणि अक्षर कुणी ओळखेल म्हणून कथा बायकोच्या, मंगलाताईंच्या अक्षरात लिहून पाठवली. पहिला नंबर आला.

आत्याचा मेथीवरचा हात थांबला. "बायकोने लिहून दिली? मग?"

हे "मग?" ऐकलं आणि माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी त्यांचं आत्मचरित्र नेऊन दिलं, 'चार नगरांतले माझे विश्व', ज्याला २०१४ चा साहित्य अकादमी मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. जाडजूड पुस्तक आहे हां, पण बाईने आठ दिवसांत संपवलं आणि वर मलाच फोन करून केंब्रिजचे किस्से ऐकवले, जसं काही मी वाचलंच नव्हतं. लेखक तोच! फक्त मी तिला घरात मागच्या दाराने ढकलत होतो. विज्ञानकथा तिला अजूनही आवडत नाहीत, ते सोडा. एक तेवढी 'कृष्णविवर' वाचली, तीही मंगलाताईंनी लिहून काढलेली म्हणून.

त्यामुळे आता कुणी पुस्तक मागितलं की "तुला काय आवडतं" हे मी विचारतच नाही, कारण त्यावर सगळे म्हणतात मी सगळंच वाचतो, आणि सगळंच वाचणारा माणूस मी तरी अजून बघितला नाही. मी विचारतो, शेवटचं अर्धवट काय सोडलंस आणि कुठे. यात माणूस बरोबर सापडतो. माझा एक मित्र प्रत्येक कादंबरी वंशावळ सुरू झाली की सोडतो, काका-मामा-चुलते आले की गडी आऊट, त्याला मी आता फक्त प्रवासवर्णनं देतो.

हे उलट्या बाजूनेही होतं बरं का. 'श्यामची आई' मला शाळेत असताना आत्यानेच जबरदस्तीने वाचायला लावलं, प्रत्येक रात्रीच्या, म्हणजे प्रकरणाच्या, शेवटी शिकवण यायची आणि मी वैतागायचो. खूप नंतर कळलं की साने गुरुजींनी त्यातलं बरंचसं १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिलं, आपल्या नाशिकच्याच तुरुंगात, पाच दिवसांत. पाच दिवस! मग परत काढलं, आणि या वेळी श्यामपेक्षा तो कोठडीत बसून आईची एकेक आठवण भराभर कागदावर उतरवणारा माणूसच दिसत राहिला. शिकवण अजूनही मी उड्या मारत वाचतो, आत्याला सांगू नका.

आणि ज्यांना कुणी काही सुचवलेलंच चालत नाही, अशांसाठी मला 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पद्धत भारी वाटते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा उपक्रम, इथलाच. काही घरं मिळून पुस्तकांची एक पेटी घेतात, ती कुणा एकाच्या घरी राहते, आणि ठराविक मुदतीनंतर दुसऱ्या ग्रुपच्या पेटीशी बदलायची. पेटी उघडली की कुणी डोक्यावर उभं राहून "हे वाच" म्हणत नाही, आपला हात जिथे जाईल ते आपलं. जवळ लायब्ररी असेल तर उत्तमच, आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, तिथल्या कपाटांपुढे नुसतं उभं राहिलं तरी अर्धा तास जातो.

बाकी परवा आत्याने बदला घेतलाय. हे बघा, संतचरित्र, साडेतीनशे पानं. "पन्नास पानं वाच, नाही आवडलं तर परत आण, पण माझ्यासारखं बिल आत विसरू नकोस."

मी सध्या एकवीसवर आहे. खूण म्हणून तेच बिल ठेवलंय.